पाणी कुठवर आले की कोणी काय करायचे

वाचकाचे पत्र: "आम्ही अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांसाठी प्रेस आणि वेल्डिंगचे भाग बनवतो. सुमारे १२० माणसे आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक कंत्राटी. मी सोळा वर्षांपासून इथे असून उत्पादन नियोजन पाहतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मागच्या नाल्याचे पाणी शेडमध्ये शिरले. सर्व्हर, यूपीएस आणि मुख्य विद्युत पॅनेल तळमजल्यावर असल्यामुळे चार दिवस काम बंद राहिले, ग्राहकाची लाइन थांबली आणि त्या नुकसानीपोटी त्याची मोठी डेबिट नोट आली. सल्लागाराने करून दिलेली सत्तर पानांची 'बिझनेस कंटिन्युइटी' योजना आमच्याकडे होती, पण ती त्याच सर्व्हरवर होती आणि त्या रात्री ती कोणाला आठवलीही नाही. आता ग्राहकाच्या ऑडिटरने नवी योजना मागितली आहे आणि ते काम माझ्याकडे आले आहे. सुरुवात कोठून करावी? आमचे शेठ म्हणतात की असे दहा वर्षांतून एकदा होते, त्यासाठी एवढा खर्च कशाला. त्यांना काय सांगावे? शिवाय रात्रपाळीच्या सुपरवायझरने मेन स्विच वेळेत बंद केला नाही म्हणून त्याच्यावर कारवाई करावी, असे व्यवस्थापनात काहींचे म्हणणे आहे. तुमचे मत काय?" एक वाचक, अंबड, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याकडे मी शेवटी येईन, कारण त्या सुपरवायझरविषयी न्यायाने काही म्हणायचे असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी हाती असावी लागतात.

योजना म्हणजे काय, हे समजून घ्यायला नाशिककराला फार लांब जावे लागत नाही. गोदावरीचे पाणी वाढू लागले की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, ही भाषा शहरभर सुरू होते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या पिढ्यांनी त्या मूर्तीलाच मोजपट्टी मानले आहे. सराफ बाजारात आणि भांडी बाजारात वाढलेला व्यापारी ती खूण पाहून माल आधी वरच्या फळीवर आणि मग वरच्या मजल्यावर हलवतो. किती पाऊस पडेल हे त्याला सांगता येत नाही, गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सुटेल हेही त्याच्या हाती नसते. मात्र कोणती खूण दिसल्यावर काय करायचे हे त्याच्याकडे आधीच ठरलेले असते, आणि ते करण्यासाठी दुकानातल्या पोराला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. कामकाज अखंड ठेवण्याची योजना म्हणजे शांत डोक्याने आधीच घेऊन ठेवलेले असे निर्णय. तुमच्या सत्तर पानांत असा एकही निर्णय नसावा, असा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच ती पाने कोरडी राहिली असती तरी त्या रात्री त्यांचा उपयोग झाला नसता.

अशा योजना बहुधा संकटांच्या यादीने सुरू होतात. भूकंप, आग, पूर, संप, साथ, सायबर हल्ला असे रकाने असतात, प्रत्येकापुढे शक्यतेचे गुण, परिणामाचे गुण, दोहोंचा गुणाकार आणि त्यानुसार लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. ही यादी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, पण तिच्यामुळे लक्ष बाहेरच्या घटनेवर खिळून राहते. बँकांच्या नियमनासाठी बाझल समितीने कामकाजातील जोखमीची जी व्याख्या केली आहे ती इथे अधिक उपयोगी पडते. अंतर्गत प्रक्रिया, माणसे आणि यंत्रणा अपुऱ्या पडल्यामुळे किंवा कोलमडल्यामुळे, अथवा बाहेरच्या घटनांमुळे होणारे नुकसान, अशी ती व्याख्या आहे. तुमची ती रात्र या चार शब्दांवर ठेवून पाहा. नाल्याचे पाणी ही बाहेरची घटना. पॅनेल आणि सर्व्हर जमिनीलगत होते, हा यंत्रणेतला दोष. योजनेची आणि माहितीची प्रत त्याच यंत्रावर होती, हा प्रक्रियेतला दोष. मेन बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे हे कोणालाच माहीत नव्हते, हा माणसांच्या मांडणीतला दोष. नाला तुमच्या हातात नव्हता, उरलेल्या तिन्ही गोष्टी होत्या.

म्हणून सुरुवात संकटांपासून करू नका, कामांपासून करा. पाणी आले, आग लागली किंवा संगणकात व्हायरस शिरला, तरी कारखान्यावर होणारे परिणाम मोजकेच असतात: जागा वापरता येत नाही, वीज किंवा यंत्र मिळत नाही, संगणक बंद पडतो, माणसे पोहोचत नाहीत किंवा माल येत नाही. या पाच परिणामांची तयारी केली की कारण कोणतेही असले तरी ती तयारी उपयोगी पडते. याआधी कोणी न ऐकलेले कारण पुढे आले तरीही पडते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा किती योजनांत 'साथ' हा रकाना होता, यापेक्षा 'माणसे पोहोचली नाहीत तर' या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे होते, हे महत्त्वाचे ठरले.

आता कामांची यादी कशी करायची ते सांगतो, कारण सगळा गाभा तिथेच आहे. आयएसओ २२३०१ हे या विषयाचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. त्यात या टप्प्याला 'बिझनेस इम्पॅक्ट अॅनालिसिस' म्हणतात. नाव भारदस्त असले तरी प्रश्न साधे आहेत. डिस्पॅच, प्रेस शॉप, वेल्डिंग, टूल रूम, स्टोअर, खरेदी, बिलिंग, पगार अशी कामे एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे विचारा की हे काम चार तास थांबले तर काय होईल, एक दिवस, तीन दिवस आणि एक आठवडा थांबले तर काय होईल. उत्तर स्वतः लिहू नका, ते काम रोज करणाऱ्या माणसाकडून घ्या. टूल रूम तीन दिवस बंद राहिली तरी चालेल असे तुम्हाला वाटत असेल, पण एखादी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) दर काही हजार ठोक्यांनंतर धार लावण्यासाठी उतरवावी लागते हे टूल रूमच्या माणसालाच ठाऊक असते. उलट ज्या कामासाठी सगळे धावपळ करतात ते आठवडाभर थांबले तरी कोणाचे काही बिघडत नाही, असेही निघते.

या चर्चेतून प्रत्येक कामासाठी दोन आकडे बाहेर आले पाहिजेत. पहिला, हे काम जास्तीत जास्त किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे. दुसरा, किती वेळाची नोंद गमावलेली चालेल. पहिल्याला 'रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह' आणि दुसऱ्याला 'रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह' म्हणतात. डिस्पॅच आठ तासांत सुरू झाला पाहिजे असे ठरले, तर गोदामात किमान तेवढ्या वेळाचा तयार माल वेगळ्या आणि उंच जागी हवा. स्टोअरच्या नोंदी एका दिवसापेक्षा जास्त गमावून चालणार नाहीत असे ठरले, तर बॅकअप रोज झालाच पाहिजे. कोणत्या गोष्टीवर किती खर्च करायचा, हे हे दोन आकडेच सांगतात. ते नसताना केलेला खर्च एक तर वाया जातो, नाही तर अपुरा पडतो.

शेठना काय सांगावे, हा तुमचा दुसरा प्रश्न. 'दहा वर्षांतून एकदा' हे त्यांचे म्हणणे मान्य करा आणि त्यावरच हिशेब मांडा. दरवर्षी दहात एक शक्यता असलेली घटना पुढच्या दहा वर्षांत किमान एकदा घडण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के असते. शिवाय एकदा झाली म्हणजे पुढची दहा वर्षे सुटी मिळाली, असे होत नाही. गोदावरीचे २०१६ आणि २०१९ चे पूर अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने आले. त्यातही हा फक्त पुराचा हिशेब झाला, आगीचा आणि संगणकाचा वेगळा.

त्यानंतर एका बंद दिवसाची किंमत काढा. समजा, महिन्याची विक्री २ कोटी रुपये आहे आणि २५ दिवस काम चालते, म्हणजे दिवसाला ८ लाखांची विक्री. पत्रा, वेल्डिंग वायर, वीज, वाहतूक असा कामाबरोबर वाढणारा-घटणारा खर्च ६५ टक्के धरला, तर रोजचे २ लाख ८० हजार रुपये उरतात, आणि पगार, व्याज, भाडे व नफा हे सगळे त्यातून भागते. चार दिवसांचे ११ लाख २० हजार झाले. इथे प्रामाणिक राहा. यातला काही भाग नंतर ओव्हरटाइम करून भरून निघतो, म्हणून सगळी रक्कम नुकसान म्हणून दाखवू नका. मात्र कायद्यानुसार ओव्हरटाइमला दुप्पट दराने वेतन द्यावे लागते, तातडीच्या गाड्यांचे भाडे वेगळे आणि डेबिट नोट वेगळी. ही बेरीज तुमच्या खऱ्या आकड्यांनी करा, लेखा विभागाकडून तपासून घ्या, आणि तिच्या शेजारी पॅनेल उंच चौथऱ्यावर घेण्याचे विद्युत ठेकेदाराचे कोटेशन ठेवा. भाषण करण्याची गरज पडणार नाही.

एक गोष्ट मात्र त्या बेरजेत दिसत नाही आणि ती शेठना तोंडी सांगितली पाहिजे. बंद पडल्याचे नुकसान रोज सारख्या वेगाने वाढत नाही. पहिले एक-दोन दिवस ते भरून काढता येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ग्राहक चिडतो. त्यानंतर एका टप्प्यावर तो तुमची डाय उचलून दुसऱ्या व्हेंडरकडे नेतो. तिथून पुढे नुकसान दिवसांत मोजता येत नाही, कारण गेलेला भाग परत येत नाही. तो टप्पा तुमच्या प्रत्येक मोठ्या ग्राहकाच्या बाबतीत किती दिवसांवर आहे, हे तुमच्या शेठना तुमच्यापेक्षा चांगले माहीत असणार. त्यांनाच तो आकडा विचारा. तो एकदा त्यांच्या तोंडून आला की योजना त्यांची होते.

आणि त्यांना यातून अंग काढून घेता येणार नाही, हेही नम्रपणे सांगा. वाहनउद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात ६.१.२.३ हे कलम आकस्मिक परिस्थितीच्या योजनांचे आहे. महत्त्वाचे यंत्र बिघडणे, वीज-पाणी खंडित होणे, मजूर कमी पडणे, आग, वारंवार येणारी नैसर्गिक आपत्ती अशा प्रसंगांची तयारी ते मागते. ग्राहकाला कळवण्याची पद्धत असावी, योजनेची ठरावीक काळाने चाचणी व्हावी आणि वर्षातून किमान एकदा सर्व विभागांनी मिळून, सर्वोच्च व्यवस्थापनासह, तिचा फेरआढावा घ्यावा, असेही त्यात आहे. ऑडिटरने मागितलेली योजना याच कलमाखालची असण्याची दाट शक्यता आहे. तुमच्या एकट्याच्या सहीने ती पूर्ण होत नाही.

विम्याविषयी थोडेच लिहितो, पण ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या जोखमीसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि ५ ते ५० कोटींसाठी 'भारत लघु उद्यम सुरक्षा' या प्रमाणित पॉलिसी आहेत आणि त्यांत पुरामुळे मालमत्तेचे झालेले नुकसान धरलेले असते. मात्र अशी पॉलिसी इमारत, यंत्रे आणि माल यांचे पैसे देते, बंद पडलेल्या दिवसांचा नफा देत नाही. त्यासाठी 'लॉस ऑफ प्रॉफिट' हे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. अनेक कारखानदारांना हा फरक दावा दाखल करताना कळतो. यंत्रांची विमा रक्कम जुन्या पुस्तकी किमतीवर राहिली आहे का, तेही पाहा, आणि पाण्यात भिजलेला माल सर्व्हेअर येण्याआधी फेकायचा नाही, आधी त्याची छायाचित्रे घ्यायची, ही सूचना योजनेत ठळक अक्षरांत असू द्या.

शेजाऱ्यांचा विषय मला विशेष महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठी जपानमधली एक घटना सांगतो. १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे करिया येथील आयसिन सेकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत असे आणि टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांपुरताच असे. टोयोटाचे जपानमधले कारखाने भराभर बंद पडले. आयसिनने व्हॉल्व्हची रेखाचित्रे मागेल त्याला दिली, पैशांची बोलणी मागे ठेवली, आणि साठहून अधिक कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. त्यांत शिलाई यंत्रे बनवणारी ब्रदर ही कंपनीही होती. आठवड्याभरात मोटारी पुन्हा बाहेर पडू लागल्या. या घटनेतून माल कमी ठेवू नये एवढाच धडा काढणारे पुष्कळ आहेत. मला त्यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. रेखाचित्र कोणाला द्यायचे, दर नंतर ठरवायचा का, असे प्रश्न तिथे अडथळा झाले नाहीत, कारण एकमेकांचा विश्वास आगीच्या आधीपासूनच कमावलेला होता.

अंबड, सातपूर आणि सिन्नर इथे प्रेस शॉपची कमतरता नाही. तुमच्या महत्त्वाच्या दहा-बारा डाय घ्या, आणि प्रत्येक डाय कोणत्या शेजाऱ्याच्या प्रेसवर बसेल हे आताच तपासा. टनेज, शट हाइट, बोल्स्टरचे माप, कुशनची गरज, डाय उचलायला लागणारी क्रेन किंवा फोर्कलिफ्ट, हे सगळे एका कागदावर हवे. शक्य असेल तर दर वर्षी एका सुटीच्या दिवशी एक डाय खरोखर तिथे नेऊन पन्नास नग काढून पाहा. ग्राहकाच्या मंजुरीशिवाय उत्पादनाची जागा बदलता येत नाही, म्हणून ही पर्यायी जागा ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाकडून आधीच मान्य करून घ्या. शेजाऱ्याशी एक पानाचा परस्पर करार करा: जॉबवर्कचा दर, गुप्ततेची अट आणि त्याच्यावर वेळ आली तर तुमचा प्रेस त्याला मिळेल हे वचन. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांच्या व्यासपीठावर असा शेजारी शोधणे अवघड जाणार नाही.

संगणकांबाबत एकच कसोटी लावा: बॅकअपवरून यंत्रणा पुन्हा उभी करून कोणी पाहिली आहे का? बॅकअप घेतला जातो, हे उत्तर पुरेसे नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या व्हायरसने माएर्स्क या जगातल्या मोठ्या जहाज कंपनीचे जाळे काही तासांत निकामी केले. कोण वापरकर्ता, कोणाला कशाची परवानगी, ही माहिती ठेवणारे त्यांचे सगळे सर्व्हर एकमेकांची प्रत होते, त्यामुळे सगळे एकदम पुसले गेले. घानामधल्या कार्यालयात त्या वेळी वीज गेली होती म्हणून तिथला एक सर्व्हर वाचला आणि त्यावरून पुढची उभारणी झाली. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक त्यांना दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले. जाळ्याला जोडलेली प्रत ही खरी प्रत नसते, हे इतक्या मोठ्या कंपनीला इतक्या किमतीला कळले. तुमच्याकडे तीन प्रती हव्यात, त्यांतली एक संगणकापासून तोडून वेगळ्या इमारतीत, आणि तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या संगणकावर चढवून त्यातून एक चलन छापून पाहायचे. रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावे लागते, हा २०२२ चा निर्देश आहे. त्यामुळे तो ईमेल पत्ता कागदावर लिहून ठेवा.

कार्यालयातल्या संगणकांपेक्षा यंत्रांतले संगणक अधिक विसरले जातात. मी नोकरीत असताना एका कारखान्यात लांबलेल्या भारनियमनानंतर एक जुना प्रेस सुरूच होईना. त्याच्या पीएलसीमधला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकातला, प्रोग्राम एका छोट्या बॅटरीवर जिवंत होता, बॅटरी कधीच संपली होती आणि वीज गेल्यावर प्रोग्रामही गेला. तो लिहिणारा अभियंता नोकरी सोडून गेला होता, प्रत त्याच्याच लॅपटॉपवर होती. प्रोग्राम नव्याने लिहून घेईपर्यंत नऊ दिवस गेले. देखभाल विभाग माझ्याकडे होता आणि बॅटरी बदलण्याची नोंद ठेवणे माझे काम होते, म्हणून ते नऊ दिवस मी विसरलेलो नाही. तुमच्या प्रत्येक पीएलसीची आणि वेल्डिंग रोबोची प्रोग्राम प्रत घेतली आहे का, बॅटरीची तारीख काय आहे, हे याच आठवड्यात पाहा. याला पैसे लागत नाहीत.

माणसांच्या बाबतीत ज्या कामापुढे एकच नाव येते ते काम लाल शाईने लिहा. डाय बसवणारा, ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएन (माल पाठवल्याची आगाऊ सूचना) टाकणारा, डीजी सेट (डिझेल जनरेटर) चालवणारा, बँकेचा ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो. प्रत्येकाला एक जोडीदार द्या आणि महिन्यातून एक दिवस ते काम जोडीदाराकडून करून घ्या. बँकेचेही तसेच आहे. २०२४ च्या जुलैअखेरीस तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका संस्थेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे किरकोळ व्यवहार काही काळ अडकले. पगाराच्या तारखेला असे झाले तर कंत्राटी कामगाराच्या घरी काय होते, ते तुम्ही जाणता. एक चालू खाते दुसऱ्या बँकेत असावे.

नाशिकला तर एक अडथळा तारीख सांगून येतो. सिंहस्थातले पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवसांत शहरातले रस्ते वाहनांना बंद होते आणि पंचवटी ओलांडून कामावर येणे कठीण झाले होते, हे तुम्हाला आठवत असेल. पुन्हा ऑगस्ट हा पावसाचा महिना. कसारा घाटात दरड आली तर मुंबईहून येणारा पत्रा अडकेल आणि त्याच दिवशी गर्दीमुळे पुण्याच्या वाटेवर गाडी काढता येणार नाही, असे दोन अडथळे एकत्र येण्याची तयारी आताच करता येते. त्या दिवसांआधी ग्राहकाकडे किती दिवसांचा माल पोहोचवायचा, तोपर्यंत डायची दुरुस्ती कधी संपवायची, नदीपलीकडे राहणारे कामगार कोण, हे नियोजन तुमच्याच विभागाचे आहे. नव्या योजनेचा पहिला उपयोग म्हणून तेच हाती घ्या.

हे सगळे झाल्यावर लिहायला बसा, आणि सत्तर पाने लिहू नका. सात-आठ पाने पुरतील. ती कागदावर हवीत, प्लॅस्टिकमध्ये घातलेली, एक प्रत गेटवर, एक शिफ्ट सुपरवायझरच्या टेबलावर, एक शेठच्या घरी. प्रत्येक पानावर खूण आणि कृती एकत्र असू द्या. नाल्याच्या भिंतीवर रंगाने दोन रेषा काढा. पाणी पहिल्या रेषेला लागले की सुपरवायझरने मेन्टेनन्सला आणि तुम्हाला फोन करायचा आणि जमिनीवरचा माल उचलायला लावायचा. दुसऱ्या रेषेला लागले की यंत्रे थांबवून माणसे बाहेर काढायची आणि त्याच पाळीतल्या विद्युत कामगाराने मुख्य पुरवठा बंद करायचा, कोणालाही न विचारता. पाणी पॅनेलपर्यंत पोहोचले असेल तर त्याला कोणीही हात लावायचा नाही, महावितरणला फोन करून बाहेरून पुरवठा तोडून घ्यायचा. रात्री पंप किंवा क्रेन बोलावण्यासाठी सुपरवायझर किती रुपयांपर्यंत खर्च करू शकतो, तो आकडा लिहा. ग्राहकाला पहिला फोन कोण करणार आणि किती वेळात, तेही लिहा. माझे मत विचाराल तर दोन तासांत, कारण थांबलेल्या लाइनपेक्षा उशिरा कळलेली बातमी ग्राहकाला जास्त झोंबते. माल कमी असेल तेव्हा कोणत्या ग्राहकाला आधी द्यायचा, हा निर्णय शेठच्या सहीने त्या पानावर असलाच पाहिजे. ऐन वेळी तो जो जास्त ओरडेल त्याच्या बाजूने लागतो.

मग चाचणी. पहिली चाचणी टेबलाभोवती घ्या: 'रात्रीचे दोन वाजले आहेत, पाणी पहिल्या रेषेला लागले आहे, मेन्टेनन्सचा फोन लागत नाही, आता बोला.' दीड तास पुरतो आणि निम्मी योजना बदलावी लागते. दुसरी चाचणी खरी, रात्रपाळीत, पावसाळ्याआधी, कंत्राटी कामगारांसह. योजना चुकली की ती चाचणी यशस्वी झाली असे समजा आणि ऑडिटरलाही त्या चुका आणि केलेल्या दुरुस्त्या दाखवा.

आता तुमचा सुपरवायझर. मेन स्विच वेळेत बंद केला असता तर पॅनेल कदाचित वाचले असते, हे खरे. पण त्या रात्री त्याने तो बंद केला असता आणि पाणी चौकटीपाशी थांबले असते, तर पाळीचे उत्पादन का बुडवले म्हणून सकाळी त्यालाच विचारले गेले असते, हेही तितकेच खरे आहे, आणि ते त्याला ठाऊक होते. त्याला कोणती खूण सांगितलेली नव्हती, कोणता अधिकार दिलेला नव्हता, पॅनेलला हात लावण्याचे प्रशिक्षणही बहुधा नव्हते. न घेतलेला निर्णय त्याचा नव्हता, तो व्यवस्थापनाने आधी घेऊन ठेवायला हवा होता. कारवाई केलीत तर पुढच्या वेळी प्रत्येक सुपरवायझर स्वतःला वाचवण्यासाठी फोन करत बसेल, आणि आपल्या चुकांतून काय शिकलो हे कोणी तुम्हाला खरे सांगणार नाही. त्याऐवजी पहिल्या बैठकीला त्याला बोलवा आणि त्या रात्री पाणी आत शिरल्यापासून दिवे जाईपर्यंत त्याने काय पाहिले, कोणाला किती वाजता फोन केला, कोणी उचलला नाही, हे मध्ये न बोलता लिहून घ्या. नाल्याच्या भिंतीवर पहिली रेषा कुठे काढायची, हे त्याच्याइतके नेमके तुमच्या कारखान्यात दुसरे कोणी सांगू शकणार नाही.